तंजावरचे विद्याप्रेमी राजे : दुसरे सरफोजीराजे भोसले

तंजावरचं नाव निघालं की आपण शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्यापाशीच थांबतो. पण त्याच घराण्यात पुढे दुसरे सरफोजीराजे होऊन गेले. लढाई न जिंकलेल्या या राजाची गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी असं मला वाटतं.

त्यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ चा. तंजावरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. गादी मिळाली तुळजाजींचे भाऊ अमरसिंग यांना. दहा वर्षांच्या पोराचे हाल सुरू झाले. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्याची बाजू घेतली. पुढे त्याला मद्रासला नेलं, तिथे शिक्षण झालं. १७९८ मध्ये गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी तह झाला आणि कारभार इंग्रजांकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, थोडा परिसर आणि तनखा. राजे ख्रिस्ती झाले नाहीत, तरी गुरूचं संगमरवरी स्मारक मात्र त्यांनी इंग्रज शिल्पकाराकडून करवून घेतलं.

आता करायचं काय? तनखा ऐषआरामात उडवणारे संस्थानिक पुष्कळ झाले. सरफोजींनी तो शिकण्यावर घातला.

त्यांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य अशा सगळ्या उपचारांचा अभ्यास चाले. गुण आलेली औषधं तमिळ पद्यात लिहून ठेवली, म्हणजे स्थानिक वैद्यांना ती पाठ करता यावीत. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तर चित्रांसह ठेवल्या आहेत. आपलं ते चांगलं की परकं ते चांगलं, हा वाद न घालता गुण कशाने येतो ते पाहायचं, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

प्राथमिक शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. राजांनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये तिथे ‘बालबोध मुक्तावली’ छापली. ही इसापच्या गोष्टींची मराठी! मुलांसाठीचं छापील मराठी पुस्तक, तेही तमिळ मुलखात.

नृत्याचंही तसंच. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे चार भाऊ तंजावर दरबारचे. अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा आजचा भरतनाट्यमचा क्रम त्यांनीच बसवला. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठी रचना केल्या. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तर जगाचा भूगोल गाण्यांतून येतो. (आपण एखादी कविता चालीवर घेतली की लगेच उपक्रमाचे फोटो टाकतो!) मात्र हे सगळं प्रत्यक्ष नाचून जिवंत ठेवलं ते देवदासींनी, आणि त्यांची नावं सहसा कुणी घेत नाही. वर्गात सांगताना तेवढं जरूर सांगा.

१८२० च्या सुमारास राजे काशीयात्रेला गेले, तिथूनही हस्तलिखितं आणली. ७ मार्च १८३२ रोजी ते वारले. मुलगा शिवाजी १८५५ मध्ये गेला आणि उरलंसुरलं राज्यही संपलं. सरस्वती महाल ग्रंथालय मात्र १९१८ पासून सर्वांना खुलं झालं. तिथे मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या वर आहेत.