बुकबाइंडर मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे हे नाव आपण सर्वांनी शाळेत विजेच्या धड्यात वाचले, परीक्षेपुरते पाठ केले आणि पुढे निघालो. डिप्लोमाला असताना त्यांच्या नियमावरची गणितेही आम्ही सोडवली. पण हा माणूस कॉलेजात घडलाच नव्हता. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकांनी त्याला घडवले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ती सांगत आहोत.

फॅरेडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहार, प्रकृतीने अधू. घरात पैशाची कायम ओढाताण. लिहिणे, वाचणे आणि थोडेफार हिशेब एवढीच मायकेलची शाळा. चौदाव्या वर्षी तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीच्या कामावर उमेदवार म्हणून राहिला. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

दिवसा पुस्तके बांधायची आणि वेळ मिळाला की तीच वाचायची. विश्वकोशातील विजेवरचा लेख असाच त्याच्या हाती आला. दुसरे पुस्तक होते जेन मार्सेट या बाईंचे, रसायनशास्त्रावरील संवादांचे. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या गप्पांतून विषय उलगडत जाणारे हे पुस्तक सुरुवातीला लेखिकेच्या नावाशिवाय छापले गेले होते. मायकेलने मात्र छापले आहे म्हणून ते खरे मानले नाही. चार पैशांचे साहित्य आणून जमतील ते प्रयोग त्याने करून पाहिले आणि ताळा जमल्यावरच पुस्तकावर विश्वास ठेवला. पुढे कीर्ती मिळाल्यावरही मार्सेटबाईंना ते आपल्या पहिल्या गुरू मानत आणि आपले निबंध त्यांना पाठवत.

गावात शास्त्रीय व्याख्याने होत. प्रवेशाला एक शिलिंग पडे. थोरला भाऊ लोहारकाम करी, त्याने ते पैसे दिले. 1812 साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने चार व्याख्यानांची टिपणे काढली, आकृत्यांसह स्वच्छ लिहिली, स्वतः बांधली आणि नोकरीच्या अर्जासोबत डेव्हींना पाठवली. त्याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्राला उत्तरही आले नव्हते. डेव्हींनी भेट दिली, पण बांधणीचा धंदा सोडू नकोस असाच सल्ला दिला. पुढे प्रयोगशाळेतील मदतनिसाची जागा रिकामी झाली आणि मार्च 1813 मध्ये फॅरेडे तिथे रुजू झाले. त्याच वर्षी डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासाला गेले, तेव्हा त्यांना नोकराची कामेही करावी लागली. तो अपमान त्यांनी गिळला, कारण परत फिरले असते तर पुन्हा डिंक आणि दोरा हाती येणार होता.

पुढचा इतिहास मोठा आहे. 1821 मध्ये त्यांनी वीज आणि चुंबक यांच्या योगाने तार फिरवून दाखवली. 1825 मध्ये बेंझीन शोधले. 1831 मध्ये बदलत्या चुंबकत्वापासून वीज निर्माण करून दाखवली. आज आपल्या मंडपात लखलखणारी वीज ज्या जनित्रातून येते, त्याच्या मुळाशी हाच शोध आहे. गणित त्यांना फारसे येत नव्हते. त्यांच्या कल्पनांना गणिताचे रूप पुढे मॅक्सवेल यांनी दिले.

पण स्वतःला ज्या दारातून आत येता आले, ते दार त्यांनी इतरांसाठी उघडे ठेवले. नाताळात मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस मालिका त्यांनी दिल्या. 1860-61 च्या नाताळात सहा व्याख्याने केवळ एका मेणबत्तीवर झाली आणि लगेच त्यांचे पुस्तकही निघाले. मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीचा उजेड तापलेल्या कार्बनच्या बारीक कणांचा असतो. जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, आणि आपल्या उच्छ्वासातूनही तेच बाहेर पडते. वातीजवळच्या काळसर भागातील वाफ त्यांनी वाकड्या काचनळीतून बाहेर काढली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली.

सरदारकीचा मान त्यांनी नाकारला, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. 25 ऑगस्ट 1867 रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांना विज्ञानाचे कोणते पुस्तक द्यावे, असे पालक नेहमी विचारतात. महागडे, गुळगुळीत कागदाचे पुस्तक म्हणजे चांगले असे नाही. ज्यातले निदान एक विधान घरच्या घरी पडताळून पाहता येईल, ते पुस्तक घ्यावे, असे आम्ही सुचवतो. मेणबत्तीवरचे ते पुस्तक तर जरूर मिळवावे. तोवर आरती झाल्यावर निरांजनाची ज्योत मुलांना नीट पाहू द्या. ती वातीजवळ काळसर का दिसते, हा प्रश्न त्यांना विचारा आणि उत्तर लगेच सांगू नका.