डब्याच्या सुट्टीतले रसायनशास्त्र

बारावीच्या रसायनशास्त्रात अमाइन्सचा धडा आला की ॲनिलीन भेटते. पुढे पदवीच्या वर्गात गेले की 'पर्किन अभिक्रिया' पाठ करावी लागते. सूत्रे लिहिली जातात, गुण मिळतात आणि नाव विसरले जाते. या नावामागचा माणूस स्वतः शाळकरी वयातच रसायनशास्त्राच्या नादी लागला होता, आणि तोही असा विषय, जो त्याच्या शाळेच्या वेळापत्रकात नव्हताच.

विल्यम हेन्री पर्किनचा जन्म 12 मार्च 1838 रोजी पूर्व लंडनमधल्या शॅडवेल भागात झाला. वडील जॉर्ज सुतारकामातून पुढे आलेले बांधकाम व्यावसायिक होते. सात भावंडांत विल्यम सर्वांत धाकटा. त्याने वास्तुविशारद व्हावे, असे वडिलांनी मनात योजले होते. घरच्या धंद्याला ते धरूनही होते. पण बारा-तेरा वर्षांचा असताना एका मित्राने त्याला क्षार विरघळवून त्याचे स्फटिक कसे तयार होतात ते दाखवले. ढगळ द्रावणातून रेखीव कोन असलेले खडे उगवताना पाहून पोराचे मन तिथेच अडकले.

1851च्या सुमारास तो सिटी ऑफ लंडन स्कूलमध्ये दाखल झाला. त्या काळी इंग्लंडच्या शाळांत लॅटिन, ग्रीक आणि गणित यांचे राज्य होते. प्रयोग करून विज्ञान शिकवणाऱ्या शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. या शाळेत मात्र थॉमस हॉल नावाचे शिक्षक आठवड्यातून दोनदा रसायनशास्त्रावर व्याख्यान देत. त्यासाठी वेळ उरला होता तो फक्त दुपारच्या जेवणाचा. पर्किनने डबा सोडला, व्याख्यान सोडले नाही. थोड्याच दिवसांत हॉलसरांनी प्रयोगांची मांडामांड करण्याचे काम त्याच्यावर सोपवले. काचेची भांडी धुणे, द्रावणे तयार ठेवणे ही कामे तो उपाशीपोटी आनंदाने करी. सरांच्याच सल्ल्याने त्याने मायकेल फॅरडे यांना पत्र लिहिले, आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमधली त्यांची विजेवरची व्याख्याने ऐकायची परवानगी मिळवली.

खरा प्रश्न घरी होता. रसायनशास्त्रावर पोट भरते, हे तेव्हा कुणाला पटणार? हॉलसर जॉर्ज पर्किन यांना अनेकदा भेटले, त्यांची समजूत काढत राहिले. अखेर वडिलांनी आपला बेत बाजूला ठेवला. 1853 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, विल्यम रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत शिकू लागला. तिथले प्रमुख होते ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन. हॉलसर स्वतः त्यांच्याच हाताखाली शिकलेले. हॉफमन कोळशाच्या डांबरावर संशोधन करत. दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढला की मागे उरणारा हा काळा, घाण वासाचा चिकटा लोक टाकून देत. हॉफमन त्यातून बेंझीन, ॲनिलीन अशी द्रव्ये वेगळी करत होते. पर्किन इतका झपाट्याने शिकला की सतराव्या वर्षीच ते त्याला आपला साहाय्यक म्हणून वापरू लागले. दिवसभर कॉलेजचे काम असल्याने स्वतःच्या प्रयोगांसाठी त्याने शॅडवेलच्या घरातच वरच्या मजल्यावर एक साधी प्रयोगशाळा थाटली.

हॉफमन यांच्या मनात एक जुनी इच्छा होती : प्रयोगशाळेत क्विनीन बनवायचे. आपल्याकडे ज्याला कोयनेल म्हणत, तेच हे औषध. हिवतापावर त्या काळी ते एकच भरवशाचे औषध होते. ते मिळे दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीपासून. 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ते सालीतून वेगळे केले होते. भारतासारख्या हिवतापाच्या प्रदेशांत सैन्य आणि कारभार राखणाऱ्या ब्रिटिशांना ते हवे तेवढे मिळत नव्हते, आणि मिळे ते महाग.

1856च्या ईस्टरच्या सुट्टीत हॉफमन जर्मनीला गेले असताना अठरा वर्षांच्या पर्किनने हे काम घरी हाती घेतले. त्याचा हिशेब कागदावर अगदी चोख होता. क्विनीनच्या रेणूत 20 कार्बन, 24 हायड्रोजन, 2 नायट्रोजन आणि 2 ऑक्सिजन. ॲलिल टोल्युडीन या पदार्थात 10 कार्बन, 13 हायड्रोजन आणि 1 नायट्रोजन. त्याचे दोन रेणू घ्यायचे, त्यात ऑक्सिजन घालायचा, पाण्याचा एक रेणू बाहेर काढायचा, की बेरीज-वजाबाकी जुळते. प्रत्यक्षात हाती आला तांबूस तपकिरी गाळ.

चूक गणितात नव्हती. सूत्र म्हणजे विटांची मोजदाद. त्या विटा एकमेकींवर कशा रचल्या आहेत, हे त्यातून कळत नाही. तेवढ्याच विटांतून देऊळही उभे राहते आणि गोठाही. कार्बनला चार हात असतात आणि त्यांच्या साखळ्या बनतात, हा विचार केकुले आणि कूपर यांनी मांडला तो 1858 मध्ये, म्हणजे या प्रयोगानंतर दोन वर्षांनी. आज अकरावीचा विद्यार्थी समघटक संयुगांचा धडा शिकताना जे पहिल्या तासाला ऐकतो, ते पर्किनच्या काळात जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हते.

प्रयोग फसला म्हणून त्याने भांडे धुऊन ठेवले नाही. असे का झाले ते समजून घ्यायला त्याने साधे द्रव्य निवडले. ॲनिलीनच्या क्षारावर पोटॅशियम डायक्रोमेटची क्रिया केली. या वेळी मिळाला काळा साका. तो वाळवून अल्कोहोलमध्ये टाकताच सुरेख जांभळा रंग उतरला. रेशमाचा तुकडा त्यात बुडवला तर तो रंगला, धुतला तरी उतरला नाही, उन्हात ठेवला तरी विटला नाही. यात नशिबाचाही वाटा होता. त्या काळचे ॲनिलीन शुद्ध नसे, त्यात टोल्युडीन मिसळलेले असे, आणि हा रंग बनायला नेमके तेच लागते. ॲनिलीन शुद्ध असते तर जांभळा रंग दिसलाच नसता.

तोवर कापडाचे रंग झाडांच्या मुळांपासून, पानांपासून, किड्यांपासून आणि शिंपल्यांतल्या जिवांपासून मिळत. पर्किनने नमुना स्कॉटलंडमधल्या पर्थ इथल्या पुलर या रंगाऱ्यांच्या पेढीकडे पाठवला. माल फार महाग पडणार नसेल तर हा शोध मोलाचा आहे, असा अभिप्राय आला. ऑगस्ट 1856 मध्ये त्याने पेटंट घेतले आणि कॉलेज सोडायचे ठरवले. हॉफमन नाराज झाले. हाती आलेला गुणी विद्यार्थी विज्ञान सोडून कारखानदारीत वाया जाणार, असे त्यांना वाटले. पर्किनलाही ती भीती होतीच.

या वेळी धोका पत्करला तो वडिलांनी. मुलगा वास्तुविशारद झाला नाही म्हणून खट्टू झालेल्या जॉर्ज पर्किन यांनी आयुष्यभराची बचत त्याच्या कारखान्यात घातली. थोरला भाऊ थॉमसही सामील झाला. 1857 मध्ये लंडनजवळ ग्रीनफर्ड ग्रीन इथे कालव्याकाठी बांधकाम सुरू झाले. तिघांपैकी कुणी रसायनांचा कारखाना आतून पाहिलेला नव्हता. बाजारात ॲनिलीन विकत मिळत नव्हते. बेंझीनपासून नायट्रोबेंझीन आणि त्यापासून ॲनिलीन, सगळे स्वतःच करायचे, आणि स्फोटाची भीती कायम. सुती कापडावर रंग बसत नव्हता. त्यासाठी टॅनिन वापरून रंग पक्का करण्याची रीत शोधावी लागली. तरीही त्याच वर्षअखेर रंग लंडनच्या रंगाऱ्यांकडे पोहोचला. 'मॉव्ह' या नावाने तो गाजला. जानेवारी 1858 मध्ये राणी व्हिक्टोरियाने मुलीच्या लग्नात तो नेसला आणि मागणीला उधाण आले.

मग रंगांची रांगच लागली. ज्यांनी कारखानदारीला नाक मुरडले होते, ते हॉफमनही ॲनिलीनपासून जांभळे रंग बनवू लागले. 1869 मध्ये मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतला तांबडा रंग, अलिझरिन, बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट पर्किनने मागितले, ते जर्मन स्पर्धकांच्या अवघ्या एक दिवस मागे. 1897 मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारमधली निळीची शेती कोलमडली. मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांवर लादला, आणि त्या असंतोषातूनच 1917चा चंपारण सत्याग्रह उभा राहिला. कारखान्यांच्या आतही किंमत मोजली जात होती. 1895 मध्ये लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने रंगकामगारांमधल्या मूत्राशयाच्या कर्करोगाकडे लक्ष वेधले.

याच रंगांनी वैद्यकालाही डोळे दिले. पेशी आणि जंतू बहुधा रंगहीन असतात; सूक्ष्मदर्शकाखालीही ते नीट दिसत नाहीत. डांबरापासून बनलेले रंग त्यांना चिकटतात, असे लक्षात आले. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू दाखवला तो अशाच रंगांच्या मदतीने. पॉल एर्लिख यांनी विचार केला, की रंग जंतूला नेमका धरत असेल तर तो त्याला मारूही शकेल. 1891 मध्ये त्यांनी गुटमान यांच्यासह मिथिलीन ब्लू हा रंग हिवतापाच्या रुग्णांना दिला, आणि त्याचा गुण आला. पर्किन हिवतापाचे औषध शोधायला निघाला आणि रंग घेऊन परतला. पस्तीस वर्षांनी त्या रंगांच्याच घराण्यातले एक द्रव्य हिवतापावर औषध ठरले.

पर्किन मात्र तोवर बाजारातून बाहेर पडला होता. 1874 मध्ये, 36व्या वर्षी, त्याने कारखाना विकला आणि उरलेले आयुष्य संशोधनाला दिले. हॉफमन यांची भीती खरी ठरली नाही. कारखाना चालवतानाही त्याचे संशोधन थांबले नव्हते. 1868 मध्ये त्याने कुमारिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत बनवले होते, आणि त्याच वाटेने पुढे त्याच्या नावाची अभिक्रिया आली. त्याचे तिन्ही मुलगे रसायनशास्त्रज्ञ झाले. 1906 मध्ये मॉव्हच्या शोधाची पन्नाशी साजरी झाली, त्याला 'सर' हा किताब मिळाला, आणि 14 जुलै 1907 रोजी त्याचे निधन झाले.

क्विनीनच्या विटांची खरी रचना पुढच्याच वर्षी पॉल राबे यांनी सांगितली. 1944 मध्ये अमेरिकेत वुडवर्ड आणि डोअरिंग यांनी क्विनोटॉक्सिनपर्यंत मजल मारली. तिथून क्विनीनकडे नेणारी पायरी राबे यांच्या जुन्या कामात होती. पर्किनच्या फसलेल्या प्रयोगाला तेव्हा 88 वर्षे झाली होती. जे काम त्याने एका सुट्टीत उरकायला घेतले होते, त्याला एवढा काळ का लागला, हे आज अकरावीच्या पुस्तकातली रचनासूत्रे पाहिली की कळते.