सी. रामचंद्र

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र (जन्म : पुणतांबा, अहमदनगर जिल्हा, १२ जानेवारी १९१८, मृत्यू : मुंबई, ५ जानेवारी १९८२) हे हिंदी व मराठी चित्रपटांचे संगीतकार आणि पार्श्वगायक होते. जॅझ, स्विंग, लॅटिन अमेरिकी ठेके आणि रॉक अँड रोल या पाश्चात्त्य संगीतप्रकारांना हिंदी चित्रगीतात लोकप्रिय करणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

जीवन

पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी शास्त्रीय गायनाचे शिक्षण घेतले. 'नागानंद' या चित्रपटात त्यांनी नायकाची भूमिका केली. पुढे सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असतानाच ते पेटीवादक म्हणून संगीत विभागात स्थिरावले. संगीतकार म्हणून त्यांचे पहिले चित्रपट तमिळ भाषेतील होते. १९४२ साली भगवान पालव यांच्या 'सुखी जीवन'मुळे त्यांचा हिंदी चित्रपटात प्रवेश झाला.

पाश्चात्त्य संगीताचा स्वीकार

अमेरिकन क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या संगीताचा त्यांच्यावर प्रभाव होता. 'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील त्यांच्या गाण्यांनी तरुण श्रोत्यांना आकर्षित केले. 'समाधी'मधील (१९५०) 'गोरे गोरे' या गाण्याची चाल कार्मेन मिरांडा यांनी गायिलेल्या एका गीतावर आधारलेली होती.

या वाद्यमेळात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता. हळदोणे येथील आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे मुंबईतील नामांकित ट्रम्पेटवादक त्यांचे साहाय्यक होते. हॉटेलांच्या नृत्यगृहांत वाजणारे जॅझ अशा वादकांमुळे चित्रपटाच्या मार्गाने चाळींपर्यंत पोहोचले. 'आशा'मधील (१९५७) 'इना मीना डिका' हे हिंदी चित्रपटांतील आरंभीच्या रॉक अँड रोल गीतांपैकी एक मानले जाते. त्यात कोकणी शब्दही आले आहेत.

'अलबेला' आणि तरुण पिढी

'अलबेला' (१९५१) या चित्रपटाचे दिग्दर्शक व नायक भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र होते. त्यांना आवाज सी. रामचंद्र यांनीच दिला. कलेच्या वेडापायी घरच्यांचा रोष ओढवून घेणारा सामान्य घरातील तरुण हा या चित्रपटाचा नायक आहे. भगवान यांचे नृत्य पाहून कोणालाही नाचता येईल असे वाटे. त्यासाठी नृत्यशिक्षणाची किंवा नृत्यगृहाच्या प्रवेशाची गरज नव्हती. त्यामुळे ही नृत्यशैली गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत सहज रुळली. जे संगीत श्रीमंतांच्या करमणुकीचे होते, ते कामगार वस्तीतील तरुणांच्या आनंदाचे व ऐटीचे साधन झाले.

चित्रगीतांना शिष्टसंमती मात्र नव्हती. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

नावे आणि ओळख

त्यांनी वेगवेगळ्या नावांनी काम केले. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, राम चितळकर, अण्णासाहेब आणि श्यामू, तर गायक म्हणून चितळकर अशी नावे श्रेयनामावलीत आढळतात. रागदारी की पाश्चात्त्य ठेका, असा प्रश्न त्यांच्या रचनांना पडलेला दिसत नाही. 'अलबेला'मध्येच धांगडधिंग्याच्या गाण्यांबरोबर हळुवार अंगाईगीत आहे. 'अनारकली'चे (१९५३) संगीत तर प्रामुख्याने भारतीय वळणाचे आहे. कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीतही त्यांनीच स्वरबद्ध केले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत लता मंगेशकर यांनी ते गायिले. उडत्या चालींचा संगीतकार अशी ज्यांची ख्याती होती, त्यांचेच हे गीत पुढे राष्ट्रीय समारंभांचा भाग बनले.

उत्तरकाळ

उत्तरकाळात त्यांनी 'घरकुल' (१९७०) या मराठी चित्रपटाला आणि ग. दि. माडगूळकर यांच्या 'गीतगोपाल'ला संगीत दिले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे त्यांचे आत्मचरित्र १९७७ साली प्रसिद्ध झाले.