हाफकिन, एक बाटली आणि लसीवरचा विश्वास

लस दिल्यावर बाळ तापलं की घरात काळजी सुरू होते. माझा दवाखाना कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत आहे. पहिल्या डोसनंतर रात्रभर रडलेल्या बाळाचा दुसरा डोस आजीच्या सांगण्यावरून राहून गेला, असं मी अनेकदा पाहतो. ही भीती मनात असेल, तर डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट तुम्ही वाचायला हवी. मुंबईतल्या परळच्या हाफकिन संस्थेमुळे नाव तुम्हाला माहीत असेल. माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नसतो.

ओडेसा ते मुंबई

हाफकिन यांचा जन्म 1860 मध्ये ओडेसा इथल्या ज्यू कुटुंबात झाला. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 1892 मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. लवकरच हाफकिन यांना मुंबईत बोलावण्यात आलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम सुरू केलं. मांसाच्या अर्कात, वर तुपाचे थेंब सोडून, प्लेगचे जंतू वाढवायचे आणि मग उष्णतेने मारायचे, अशी त्यांची पद्धत होती. तीन महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि ते बरे झाले. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली, तेव्हा लस न घेतलेल्यांपेक्षा त्यांच्यात प्लेग कमी झाला.

तो काळ भीतीचा होता. त्याच मार्चमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. घरांच्या झडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणामुळे सरकारवर लोकांचा राग होता, त्यामुळे सरकारी लसीवरही संशय होता. अशा वेळी खोजा समाजाचे धर्मप्रमुख आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली. आपला माणूस घेतो हे पाहून अनुयायीही पुढे आले.

मुल्कोवालची दुर्घटना

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण पुढे धनुर्वाताने दगावले. बाकीच्या बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

लसीची मागणी वाढल्याने हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल न घालता केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत सुरू केली होती. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. पण कागदपत्रांत दुसरी एक नोंद होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय दोष आधीपासून बाटलीत असता, तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. ते भारतात परतले, पण मुंबईत नाही, कोलकात्याला. 1930 मध्ये लोझान इथे त्यांचं निधन झालं. परळच्या संस्थेला त्यांचं नाव 1925 मध्येच मिळालं होतं.

आज याचा उपयोग काय?

19 घरांतली माणसं गेली, हे दुःख खरंच होतं. ते झाकून विश्वास मिळत नाही. काय घडलं हे सापडलं, कारण कोणती बाटली, कोणाला, कधी, याची नोंद होती. म्हणून आज आम्ही डॉक्टरांनी प्रत्येक लसीचा बॅच क्रमांक आणि बाटली उघडल्याची वेळ लिहायलाच हवी. गोवर-रुबेलाची पावडर एकदा विरघळवली की चार तासांनंतर ती वापरायची नाही. गंभीर त्रास झाल्यास बाटली टाकून न देता जपून ठेवायची आणि आरोग्य विभागाला लगेच कळवायचं.

तुम्ही एवढं करा:

• लसीकरण कार्ड जपून ठेवा, प्रत्येक वेळी सोबत आणा.
• लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.
• टोचलेल्या जागी हळद, तेल किंवा शेक नको.
• एक-दोन दिवसांचा सौम्य ताप आणि थोडी सूज सहसा आपोआप कमी होते. तापाचं औषध किती द्यायचं ते विचारून घ्या.
• झटके, श्वासाचा त्रास, चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी, तीन तासांहून जास्त न थांबणारं रडणं, बाळ सुस्त पडणं किंवा दोन दिवसांहून जास्त ताप असेल, तर लगेच दवाखान्यात या.

आणि मागच्या वेळी बाळाला काय त्रास झाला, ते न संकोचता सांगा. पुढचा डोस घरी परस्पर रद्द करू नका. तो द्यायचा की थांबायचं, हे आपण कार्ड समोर ठेवून ठरवू.