बेझंटबाईंची दोन अपिले

भगिनींनो, मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र असते. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्यावर आपल्या मैत्रिणींनी पूर्वी सुरेख लेख लिहिले आहेत. यंदा ते काम माझ्याकडे आले, तेव्हा मी डॉ. ॲनी बेझंट यांचे नाव सुचवले. मुंबईला वरळीकडे गेलेल्यांनी त्यांच्या नावाचा रस्ता पाहिला असेल. होमरूलची चळवळ करणारी, 1917 साली कलकत्त्याच्या काँग्रेसची अध्यक्ष झालेली विलायती बाई, एवढी ओळख शाळेत आपणां सर्वांनाच झालेली असते. पण मला सांगायचे आहे ते निराळे. या बाईंच्या आयुष्यात मुलांच्या ताब्यावरून दोनदा कोर्टकज्जे झाले आणि दोन्ही वेळा प्रकरण अपिलात गेले. पहिल्या वेळी त्यांचे स्वतःचे मूल त्यांच्याकडून घेतले गेले. दुसऱ्या वेळी एक बाप आपली मुले त्यांच्याकडे परत मागत होता.

हा विषय मनात येण्याला कारण घडले. आमच्या ओळखीच्या एका घरात आठ वर्षांच्या मुलावरून नवराबायकोचा दावा चालला होता. दोन्हीकडची माणसे दिवसरात्र त्या मुलाविषयी बोलत. पण मुलाशी कोणी बोलत नसे. तो आपला जिन्याच्या पायरीवर बसलेला असायचा. बेझंटबाईंची हकीकत वाचताना मला सारखा तोच डोळ्यांसमोर दिसत होता.

ॲनीबाईंचा जन्म 1 ऑक्टोबर 1847 रोजी लंडनमध्ये झाला. माहेरचे आडनाव वुड. पाच वर्षांच्या असताना वडील वारले. आईने हॅरो गावी शाळकरी मुलांची खाणावळ चालवून संसार ओढला. वयाच्या विसाव्या वर्षी, 1867 साली, फ्रँक बेझंट नावाच्या पाद्र्याशी ॲनीचे लग्न झाले. 1869 साली मुलगा डिग्बी आणि 1870 साली मुलगी मेबेल झाली.

नवरा करड्या स्वभावाचा होता. त्याने अंगावर हात टाकल्याची तक्रार पुढे बाईंनी कोर्टापुढेही मांडली. बाईंना लिहिण्याची हौस होती. एका मासिकाने त्यांची गोष्ट छापून तीस शिलिंग पाठवले. आपल्या कष्टाचा पहिला पैसा म्हणून त्यांना कोण आनंद झाला! पण तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याने बायकोची कमाई नवऱ्याच्या मालकीची होती, आणि मुलेही बापाचीच समजली जात.

मेबेल तान्ही असताना डांग्या खोकल्याने मरणाच्या दारी जाऊन आली. निष्पाप लेकराला देव एवढे का छळतो, हा प्रश्न त्या आईच्या मनातून पुढे गेला नाही. हळूहळू त्यांची धर्मावरची श्रद्धा उडाली. पाद्र्याच्या बायकोने प्रसाद घेण्याचे नाकारले म्हणजे गावात काय झाले असेल ते आपण समजू शकतो. 1873 साली दोघे विभक्त झाली. करारनामा झाला, त्यात मुलगा बापाकडे आणि मुलगी आईकडे असे ठरले. तीन वर्षांच्या लेकीला घेऊन बाई लंडनला आल्या आणि लेख लिहून, व्याख्याने देऊन पोट भरू लागल्या.

चार वर्षे मायलेकी एकत्र राहिल्या. मग 1877 साली बाईंनी चार्लस ब्रॅडलॉ यांच्याबरोबर संततिनियमनाची एक पुस्तिका छापली. गरिबांच्या घरी होणारी पोरांची परवड पाहून त्यांनी हे धाडस केले होते. सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. सहा महिने कैद आणि दोनशे पौंड दंड अशी शिक्षा झाली. 1878 च्या फेब्रुवारीत अपिलात ती रद्द झाली, पण कागदपत्रांतल्या तांत्रिक चुकीवरून. बाईंचा तुरुंगवास टळला, पण त्याच वर्षी नवऱ्याने मेबेलचा ताबा मागणारा अर्ज कोर्टात केला. ही बाई नास्तिक आहे, मुलीला धर्माचे शिक्षण देत नाही आणि असली पुस्तके छापते, असे त्याचे म्हणणे होते.

बाईंनी वकील न देता आपली बाजू आपणच मांडली. स्त्रीने कोर्टात उभे राहून बोलावे हेच त्या काळी न्यायमूर्तींना रुचण्यासारखे नव्हते. सर जॉर्ज जेसेल यांनी निकाल दिला की, अशा आईजवळ वाढण्यात मुलीचे हित नाही. तिला बापाकडे द्यावे. आईने मुलीला मारले, उपाशी ठेवले किंवा हेळसांड केली, म्हणून हा निकाल झाला नव्हता. आईची मते समाजाला पटत नव्हती, हाच तिचा अपराध ठरला. सात वर्षांची मेबेल रडत ओरडत असताना तिला ओढून नेण्यात आले. बाई तापाने अंथरुणाला खिळल्या.

उठून बसता येऊ लागल्यावर त्यांनी अपील केले. 1879 साली वरच्या कोर्टानेही ताबा बापाकडेच ठेवला. आईला मुलांना भेटण्याची मुभा मात्र मिळाली. पण त्या भेटींत मुलांच्या देखत आईचा पाणउतारा होई आणि मुले कावरीबावरी होत. तेव्हा बाईंनी मन घट्ट करून ठरवले, की मुले कळती होईपर्यंत भेटायचे नाही आणि पत्रही लिहायचे नाही. कोर्टाने दिलेला हक्क त्यांनी आपल्या हाताने सोडला. आपल्यासाठी दोन्हीकडून ओढली जाणारी लेकरे त्यांना पाहवेनात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

पुढची वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी घातली. 1888 साली लंडनच्या आगपेटीच्या कारखान्यातील मुलींच्या संपाला त्यांनी हात दिला. त्याच वर्षी त्या शाळामंडळावर निवडून आल्या आणि गरीब मुलांना शाळेत फुकट जेवण मिळावे म्हणून झगडल्या. मुलगा आणि मुलगी मोठी झाल्यावर आपल्या पायांनी आईकडे परत आली. कायद्याने तोडलेली नाळ त्या लेकरांनीच पुन्हा जोडली.

1889 साली त्या थिऑसॉफीकडे वळल्या आणि 1893 साली हिंदुस्थानात आल्या. 1898 साली त्यांनी काशीला सेंट्रल हिंदू कॉलेज काढले. 1907 साली त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या आणि मद्रासजवळ अड्यारला राहू लागल्या. येथे दुसरी हकीकत सुरू होते.

जिड्डू नारायणय्या नावाचे एक विधुर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले ब्राह्मण, 1909 साली सोसायटीचे काम करण्यासाठी मुलांसह अड्यारला आले. त्यांच्या मुलांपैकी दोघे कृष्णमूर्ती आणि नित्यानंद. आई गेलेली, मुले अशक्त, आणि शाळेत मास्तरांचा मार खाणारी. सोसायटीतील लेडबीटर या गृहस्थांनी कृष्णमूर्तीला पाहून हा मुलगा पुढे जगद्गुरू होणार असे सांगितले. बाईंचाही तसाच विश्वास बसला. 1910 च्या मार्चमध्ये बापाने लेखी करारनामा करून दोन्ही मुलांचे पालकत्व बाईंना दिले. बाईंनी त्यांना मायेने वाढवले, शाळेचा मार थांबवला आणि शिक्षणासाठी विलायतेला नेले.

पुढे बापाचे मन फिरले. लेडबीटर यांच्या वर्तनाविषयी पूर्वी 1906 साली सोसायटीतच आरोप झाले होते. आपली मुले त्यांच्या सहवासात नकोत, असे बापाचे म्हणणे होते. आपल्या पोराला देव करून मिरवतात, तेही त्यांना खपेना. 1912 साली त्यांनी पालकत्व काढून घेतले आणि मुले परत मागितली. बाईंनी दिली नाहीत. तेव्हा दावा झाला आणि तो मद्रास हायकोर्टात चालला.

येथेही बाई स्वतःच उभ्या राहिल्या. 1913 च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती बेकवेल यांनी निकाल दिला. लेडबीटर यांच्यावरचा दुर्वर्तनाचा आरोप शाबीत झाला नाही, परंतु त्यांची मते पाहता ते मुलांच्या सहवासास योग्य नाहीत, आणि मुले बापाला परत द्यावीत. त्याच वर्षी हायकोर्टातले अपील फेटाळले गेले. मग बाई विलायतेला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या आणि 1914 च्या मेमध्ये तेथे जिंकल्या.

तो निकाल आपण बायकांनीही समजून घ्यावा असा आहे. तेथील न्यायाधीशांनी सांगितले, की बाप हा मुलांचा नैसर्गिक पालक खरा, आणि पालकत्व ही एक पवित्र ठेव आहे. ती कायमची दुसऱ्याच्या स्वाधीन करता येत नाही, म्हणून बापाला करारनामा रद्द करता येतो. मात्र रद्द केला म्हणजे मुले लगेच परत द्यावीत असे नव्हे. मुलांचे हित कशात आहे ते आधी पाहिले पाहिजे. मुले विलायतेत राहत असताना मद्रासकडच्या कोर्टाने असा हुकूम देणे बरोबर नव्हते. शिवाय मुलांना काय हवे, हे खालच्या कोर्टांत कोणी विचारलेच नव्हते. मुले बाईंकडेच राहिली.

मला बेझंटबाईंविषयी फार आदर आहे. पण नारायणय्यांचा विचार केला म्हणजे मन अडखळते. ज्या बाईंनी स्वतःची लेक ओढून नेताना पाहिली होती, त्यांना त्या बापाच्या जिवाची तगमग दिसली नसेल काय? लेडबीटरविषयी बापाला वाटणारी भीती खरी असो वा खोटी, मुलांच्या रक्षणाचा प्रश्न निघाला म्हणजे मोठ्या माणसांची इज्जत बाजूला ठेवून तो तपासलाच पाहिजे, असे मला वाटते. आपण मुलांचे भले करतो आहोत अशी खात्री फ्रँक बेझंटलाही होती, आणि बाईंनाही होती. खात्री असणारी माणसे मुलाला विचारायचे विसरतात.

कृष्णमूर्तींनी पुढे काय केले तेही ऐका. 1929 साली, त्यांना जगद्गुरू मानणारा संघ त्यांनी स्वतःच मोडून टाकला. बाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या पलीकडे होत्या. आयुष्यभराची आशा मावळली, तरी त्यांनी त्या मुलावरची माया कमी केली नाही. 20 सप्टेंबर 1933 रोजी अड्यारला त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे कायदा पुष्कळ पुढे आला आहे. 1890 च्या पालकांच्या कायद्यात समजत्या वयाच्या मुलाची इच्छा विचारात घेता येते. 1956 च्या हिंदू कायद्यात मुलाचे हित सर्वांत वरचे मानले आहे. 1984 च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली आणि त्यांचा निकाल पटला नाही तर 30 दिवसांत हायकोर्टात अपील करता येते. पण अपील मोठी माणसे करतात. मुलाला तारखा कळत नाहीत. त्याला संध्याकाळी कोणाच्या घरी जेवायचे एवढेच कळते.

म्हणून भगिनींनो, आपल्या शेजारी असा प्रसंग आला, तर कोणाची बाजू खरी हे ठरवण्याची घाई करू नये. आधी त्या मुलाला जवळ बसवावे, खायला द्यावे आणि त्याचे ऐकून घ्यावे. त्याच्या बोलण्यात मारझोडीची किंवा भीतीची गोष्ट आली, तर ती दाबून न टाकता जबाबदार माणसांच्या कानावर घालावी. आमच्या ओळखीचा तो मुलगा जिन्यात बसे तेव्हा मी त्याला घरात बोलावले नाही, याची रुखरुख मला अजून आहे.