शोकांतिकेचा उत्कर्षबिंदू आणि गडकरी

शोकांत नाटकाचा उत्कर्षबिंदू कोणता, असा प्रश्न वर्गात निघाला की आपण बहुतेक जण शेवटच्या अंकाकडे बोट दाखवतो. राम गणेश गडकरी यांचे चरित्र आणि त्यांचे ‘एकच प्याला’ वाचल्यावर मला हे उत्तर पटेनासे झाले.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेत नवसारी येथे झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते दाखल झाले, पण पहिल्याच वर्षी गणिताने घात केला व शिक्षण सुटले. पुढे किर्लोस्कर नाटक मंडळीत नोकरी करता करता त्यांची लेखणी घडली. कविता त्यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने लिहिल्या, तर विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. त्यांचे नाट्यगुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्याच वऱ्हाडात, जळगाव-जामोदला वकिली करीत.

‘एकच प्याला’चा नायक सुधाकर हाही वकीलच. सनद जाते, तळीराम पहिला प्याला हाती देतो आणि घसरण सुरू होते. शेवटी मूल जाते, सिंधू जाते, सुधाकरही विष घेतो. डोळ्यांत पाणी येते ते इथे. पण माझ्या मते उत्कर्षबिंदू त्याआधीच येऊन गेलेला असतो. दारू सोडून सुधाकर काम मागत फिरतो, सगळीकडे अपमानच पदरी येतो आणि तो पुन्हा प्याला उचलतो. परतीची वाट तिथेच बंद होते. पुढचे सारे त्याचे परिणाम होत.

हे नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे गडकऱ्यांच्या नशिबी नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातील सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिनाभरातच, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात त्याचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले होते आणि गणपतराव बोडस सुधाकर.

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमच्या आळीतल्या एका माणसाने दारू सोडली होती. त्याला कोणी कामावर घेईना. पुढे त्याची बायको गेली तेव्हा सारी आळी रडली. पण तो पुन्हा गुत्त्याकडे वळला, त्या संध्याकाळी त्याला कोणीच हटकले नाही. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. मीही नाही.