बेंजामिन गाय हॉर्निमन

मुंबईच्या फोर्ट भागांत टाउन हॉलच्या पायऱ्यांसमोर एक वर्तुळाकार बाग आहे व तिच्या सभोंवार जुन्या दगडी इमारतींची रांग आहे. ह्या जागेस पूर्वीं एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. तें नांव एका गव्हर्नराचें होतें. देश स्वतंत्र झाल्यावर तिला हॉर्निमन सर्कल असें नांव देण्यांत आलें. एका इंग्रजाचें नांव काढून दुसऱ्या इंग्रजाचें कां ठेविलें, असा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत सहज येईल. त्याचें उत्तर ह्या गृहस्थांच्या चरित्रांत आहे, म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

बेंजामिन गाय हॉर्निमन यांचा जन्म इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत सन १८७३ सालीं झाला. त्यांचे वडील ब्रिटिश आरमाराच्या नोकरींत होते व मुलाचें शिक्षण पोर्टस्मथ बंदरांतील शाळेंत झालें. पुढें त्यांनीं वृत्तपत्राचा व्यवसाय पत्करिला आणि १९०६ सालीं ते कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ पत्रांत काम करण्यासाठीं हिंदुस्थानांत आले. तेव्हां बंगालच्या फाळणीमुळें तो सारा प्रांत खवळलेला होता. राज्यकर्त्यांच्या जातीच्या तरुण पत्रकारास सुखानें राहावयाचें असतें, तर क्लबांत बसून तें सर्व दुरून पाहणें अवघड नव्हतें. हॉर्निमन यांनीं तसें केलें नाहीं. ज्या लोकांमध्यें आपण राहतों त्यांचें दुःख त्यांनीं जवळून पाहिलें.

१९१३ सालीं सर फिरोजशहा मेहता यांनीं मुंबईस ‘बॉम्बे क्रॉनिकल’ हें दैनिक काढिलें व त्याचें संपादकत्व हॉर्निमन यांजकडे सोंपविलें. पुढच्याच वर्षीं महायुद्ध सुरू झालें. १९१५ च्या हिंदुस्थान संरक्षण कायद्यानें सरकारच्या हातीं मोठे अधिकार आले; खटला न चालवितां माणसांस अडकवून ठेवतां येऊं लागलें. १९१७ सालीं अ‍ॅनी बेझंटबाईंसहि मद्रास सरकारनें ह्याच रीतीनें स्थानबद्ध केलें. होमरूलच्या चळवळींत हॉर्निमन त्यांचे सहकारी होते व त्यांच्या सुटकेसाठीं ‘क्रॉनिकल’नें नेटानें आवाज उठविला.

युद्ध संपलें म्हणजे हे अधिकारहि संपतील अशी लोकांस आशा होती. परंतु न्यायमूर्ति रौलट यांच्या समितीच्या शिफारशींवरून मार्च १९१९ मध्यें नवा कायदा करण्यांत आला. केवळ संशयावरून माणसास खटल्यावांचून दोन वर्षेंपर्यंत अडकवून ठेवतां यावें, कांहीं खटले ज्यूरीवांचून चालावे व त्यांच्या निकालावर अपील नसावें, अशी त्यांत योजना होती. कायदे कौन्सिलांतील निवडून आलेल्या हिंदी सभासदांनीं त्यास विरोध केला. पंडित मालवीय व बॅरिस्टर जिना यांनीं तर सभासदत्वाचे राजीनामे दिले. तरीहि सरकारी मतांच्या बळावर तो मंजूर झाला.

गांधीजींनीं ह्या कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा तयार केली, तेव्हां तिच्यावर आरंभीं सह्या करणारांत हॉर्निमन हे होते. मुंबईच्या सत्याग्रह सभेचें उपाध्यक्षपद त्यांनीं स्वीकारिलें. ज्या राष्ट्रानें राजाच्या मनमानी कैदेविरुद्ध शतकानुशतकें भांडून आपला हक्क मिळविला, त्याच राष्ट्रानें दुसऱ्या लोकांस तो नाकारावा, ही गोष्ट त्यांच्या इंग्रज मनास लाजिरवाणी वाटत होती.

ता. ६ एप्रिल रोजीं मुंबईंत मोठा हरताळ पडला. ता. १३ रोजीं अमृतसर येथें जालियनवाला बागेंत निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडण्यांत आल्या आणि पंजाबांत लष्करी कायदा पुकारला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ता. २६ एप्रिल १९१९ रोजीं, मुंबई सरकारनें हॉर्निमन यांस बोटीवर चढवून इंग्लंडास पाठविलें. कोर्ट नाहीं, आरोपपत्र नाहीं, बचावाची संधि नाहीं! जो मनुष्य चौकशीवांचून शिक्षा होऊं नये म्हणून लिहीत होता, त्यालाच चौकशीवांचून शिक्षा झाली. अशा कायद्याचा खरा दोष दाखविण्यास ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस आढळत नाहीं. निरपराधी मनुष्यानें आपलें निरपराधित्व सिद्ध करावें तरी कोणासमोर?

विलायतेंत गेल्यावर ते गप्प राहिले नाहींत. पंजाबांतील अत्याचारांची हकीकत त्यांनीं तेथील लोकांपुढें मांडिली व १९२० सालीं अमृतसरच्या प्रकरणावर पुस्तक प्रसिद्ध केलें. रौलट कायदा १९२२ सालीं रद्द झाला, तरी हॉर्निमन यांस परत येण्याची परवानगी मिळेना. अखेर १९२६ सालीं नियमांतील एका पळवाटेचा आधार घेऊन ते हिंदुस्थानांत परत आले. १९३३ पासून त्यांनीं ‘बॉम्बे सेंटिनेल’ हें सायंदैनिक चालविलें. ज्या देशासाठीं हद्दपारी सोसली तो स्वतंत्र झालेला पाहून १९४८ सालीं त्यांनीं इहलोक सोडला.

शेजारी कोण, ह्या प्रश्नास शुभवर्तमानांत एका शोमरोनी प्रवाशाच्या दाखल्यानें उत्तर दिलें आहे. तो जखमी मनुष्याच्या जातीचा नव्हता, तरी वाटेंत थांबला तो तोच. हॉर्निमन यांचें जीवन वाचतांना आम्हांस त्या दाखल्याची आठवण होते.

रौलट कायदा गेला, पण त्यानें उभा केलेला प्रश्न गेला नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमांतहि प्रतिबंधक स्थानबद्धतेस जागा आहे; मात्र कारणें कळविणें व तीन महिन्यांहून अधिक काळ अडकवून ठेवण्यापूर्वीं सल्लागार मंडळाचें मत घेणें, अशा मर्यादाहि तिला घातल्या आहेत. ह्या मर्यादा कागदावर राहावयाच्या कीं आचरणांत यावयाच्या, हें नागरिकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. आपणांस न आवडणाऱ्या मनुष्याचीहि बाजू ऐकल्यावांचून त्यास दोषी ठरवूं नये, एवढें जो विद्यार्थी वर्गांत व खेळाच्या मैदानावर शिकेल, तो मोठेपणीं दुसऱ्याच्या हक्कासाठींहि उभा राहील. पालकांनीं मुलांस घेऊन मुंबईस गेल्यावर त्या बागेंत क्षणभर थांबावें व हें नांव तेथें कां आहे तें त्यांस सांगावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.